हाकेला ओ आणि मालाची पोच

गळीत हंगामात बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील एखाद्या साखर कारखान्यासमोर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग तुम्ही पाहिलीच असेल. आता असे समजा, की एका शेतकऱ्याने कारखान्याच्या फाटकावर फोन करून "कोणी आहे का?" असे विचारले आणि पहारेकऱ्याने "आहे" असे उत्तर दिले. एवढ्यावरून त्याचा ऊस कारखान्यात पोहोचला, असे कोणी म्हणेल काय? गाडी फाटकातून आत गेली पाहिजे, काट्यावर तिचे वजन झाले पाहिजे आणि पावती हातात पडली पाहिजे. तेव्हाच माल पोहोचला असे म्हणायचे.

ही गोष्ट शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. संगणकासमोर बसल्यावर मात्र भलेभले ती विसरतात. मीही एकदा विसरलो होतो.

काही वर्षांपूर्वी इंदापूरचे माझे एक सहकारी प्रात्यक्षिक परीक्षेच्या गुणांची फाइल एका कार्यालयाच्या संगणकाकडे पाठवीत होते. मुदतीचा शेवटचा दिवस, सायंकाळची वेळ, आणि फाइल अगदी सावकाश सरकत होती. त्यांनी मला बारामतीला फोन केला. "सर, पिंग करून पाहा," मी म्हणालो. त्यांनी पिंग केले. चार हाकांना चार उत्तरे आली. "मग काळजी नको. जोडणी ठीक आहे, फाइल जाईल," असे मी छातीठोकपणे सांगितले आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी कळले, की फाइल अर्धवटच पोहोचली होती. यादीच्या शेवटी असलेल्या मुलांचे गुण तीत नव्हतेच! फाइल पुन्हा पाठवली म्हणून त्यांचे निकाल अडले नाहीत. पण चूक माझी होती. एका प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्याच प्रश्नाला लावले होते. हे दोन प्रश्न कोणते, ते आता पाहू.

पिंग : रस्ता आहे का?

इंटरनेटवरून माहिती लहान लहान पाकिटांच्या रूपाने जाते. पिंग करताना आपला संगणक दूरच्या संगणकाला एक छोटे पाकीट पाठवतो. विंडोज प्रणालीत त्यात फक्त ३२ बाइट मजकूर असतो, आणि तोही नुसती इंग्रजी मुळाक्षरे. पलीकडचा संगणक तोच मजकूर जसाच्या तसा परत धाडतो. डोंगरासमोर ओरडावे आणि प्रतिध्वनी यावा, तसा हा प्रकार आहे. अशा हाकेचे व उत्तराचे नियम आयसीएमपी या नावाने १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या आधारे माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये पिंगचा कार्यक्रम लिहिला. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवले.

हाक जाऊन उत्तर येईपर्यंतचा वेळही पिंग सांगते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. बारामती ते इंदापूर अंतर ५० किलोमीटर धरले, तर जाऊन येऊन १०० किलोमीटर होतात, म्हणजे ०.५ मिलिसेकंद पुरेत. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. कारण पाकीट पुण्यावरून किंवा मुंबईवरून वळसा घेऊन जाऊ शकते आणि वाटेतल्या प्रत्येक यंत्रात थोडे थांबते.

हे उत्तर देतो तो फाटकावरचा पहारेकरी. आतला वजनकाटा चालू आहे की बंद, हे त्याला विचारलेलेच नसते. शिवाय कित्येक ठिकाणी सुरक्षिततेसाठी पहारेकऱ्याला "हाकेला ओ देऊ नकोस" असे बजावलेले असते. तेथे पिंगला उत्तर येत नाही, पण आतले काम सुरळीत चालू असते.

एफटीपी : माल पोहोचला का?

फाइल पाठवण्यासाठी निराळी शिस्त लागते. एफटीपी ही अशीच एक जुनी नियमावली. तिचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटी या संस्थेत होते.

एफटीपीमध्ये दोन जोडण्या असतात. पहिली बोलण्याची, ती सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या पोर्टवर होते. पोर्ट म्हणजे जणू कार्यालयातली खिडकी. दुसरी जोडणी मालाची. फाइल तिच्यातून जाते. बोलण्याच्या जोडणीवर सर्व्हर प्रत्येक पायरीला एक अंक सांगतो. २२० म्हणजे 'मी तयार आहे', २३० म्हणजे 'नाव व परवलीचा शब्द बरोबर, आत या', ५३० म्हणजे 'प्रवेश नाही', १५० म्हणजे 'माल येऊ द्या'. शेवटी २२६ हा अंक आला, म्हणजे 'पाठवणी पूर्ण झाली'. हीच ती काट्यावरची पावती!

या दोन्ही जोडण्यांखाली टीसीपी नावाची व्यवस्था काम करते. ती पाठवलेल्या माहितीला क्रमांक देते, पलीकडून पोच मागते आणि पोच आली नाही तर तोच भाग पुन्हा पाठवते. पिंगमध्ये असे काही नाही. हाक वाटेत हरवली तर हरवली. पिंग फक्त तशी नोंद करते.

आता माझी चूक तुमच्या ध्यानात येईल. पिंगच्या चार छोट्या पाकिटांना वाट मिळाली, एवढेच खरे होते. पुढे पाठवणी मध्येच तुटली आणि तोवर आलेला भाग सर्व्हरवर तसाच राहिला. २२६ आला का, हे आम्ही दोघांनीही पाहिले नव्हते. पावती न घेताच आम्ही घरी गेलो होतो.

एफटीपीमध्ये परवलीचा शब्द उघडपणे जातो. म्हणून आता एसएफटीपीसारख्या सुरक्षित पद्धती वापरतात. क्रोम व फायरफॉक्स यांनी २०२१ मध्ये एफटीपीला रजा दिली. पण पद्धत कोणतीही असो, परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पान उघडले म्हणजे अर्ज गेला असे समजू नका. अर्ज मिळाल्याची पोच पाहा, अर्ज क्रमांक उतरवून घ्या, आणि फाइल पाठवली असेल तर दोन्हीकडचा तिचा आकार ताडून पाहा.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने शाळेच्या संगणक कक्षात प्रथम १२७.०.०.१ या पत्त्यावर पिंग करा. हा आपल्याच संगणकाचा पत्ता आहे. मग शेजारच्या संगणकावर पिंग करा व त्याच्याकडून एक फाइल घ्या. आता त्या संगणकावरची फाइल देण्याची सोय शिक्षकांना बंद करायला सांगा आणि दोन्ही कृती पुन्हा करा. शेवटी जोडणीची तार काढून तेच करा. प्रत्येक वेळी काय झाले ते वहीत लिहा.

विचार करा

१. पिंगला उत्तर येते, पण फाइल जात नाही. याची दोन कारणे सांगा.
२. पिंगला उत्तर येत नाही, तरीही फाइल जाते. हे कसे शक्य आहे?
३. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्यामार्गे हाक गेली आणि उत्तरही त्याच मार्गाने आले, तर कमीत कमी किती वेळ लागेल?