गाऊनकडे नीट बघ

मनू, परवा पहाटे तू ग्रुपवर टाकलेले मेसेज मी एकूण एक वाचले. मिस युनिव्हर्सची फायनल आपल्याकडे उजाडता उजाडता लागते, तरी तू अंथरूण सोडून टीव्हीसमोर बसलीस आणि एवढ्या बारकाईने बघितलंस, याचं खरंच कौतुक वाटलं. ‘हिच्या गाऊनचा रंग लाइटमध्ये पार उडालाय’ हे तुझं म्हणणं तर शंभर टक्के बरोबर होतं. पण त्याच्याच खाली कोणाच्या मांड्या, कोणाचं नाक, कोणाचे दंड असं सुरू झालं आणि बाकीच्या बहिणीही त्यात उतरल्या. तिथे मी फोन बाजूला ठेवला. त्यावरच थोडं बोलायचंय, तेही ग्रुपवर नाही, तुझ्या एकटीशी.

रागावले नाहीये हं. मला स्वतःला या स्पर्धा मनापासून आवडतात आणि त्या बडबड करतच बघायच्या असतात. हाताची घडी घालून गप्प बघण्यात काय गंमत? माझं म्हणणं एवढंच, की नावं ठेवायची तर गाऊनला ठेव. गाऊन कोणीतरी बेतलेला असतो, कापलेला असतो, कोणीतरी पसंत केलेला असतो. त्यात खोट असेल तर ती बोट ठेवून दाखवता येते. नाक कोणी शिवलेलं नसतं.

आणि गाऊनवर बोलायचं तर चांगलं तासभर बोलता येईल इतकं त्यात असतं. तू आधी गळा बघतेस आणि लगेच चेहऱ्याकडे जातेस. पुढच्या वेळी आधी कंबर बघ. ती वळते तेव्हा कमरेवर आडव्या सुरकुत्या पडल्या तर समज, फिटिंग नको तेवढं घट्ट झालंय. उभ्या घड्या पडल्या तर कापड जास्त राहिलंय. मग खालची दुमड बघ. चालताना तिला हाताने घेर उचलावा लागत असेल तर लांबी चुकली आहे. नीट बेतलेल्या गाऊनमध्ये पायाच्या हलक्या धक्क्यानेच पुढचा घेर सरकतो, हात मोकळे राहतात. २०१८ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सच्या कॅट्रिओना ग्रेने घातलेला तांबडालाल गाऊन पुन्हा एकदा बघ. माक तुमांग या डिझायनरने तिकडच्या मायोन ज्वालामुखीवरून तो केला होता. ती सावकाश गिरकी घेते तेव्हा घेर तिच्यामागून येतो, कुठेही अडत नाही, पायात येत नाही. चाल तिची सुंदर होतीच, पण त्या चालीला जागा देणारी कापणी कोणीतरी केली होती.

अजून एक सांगते, हे सहसा कोणी बघत नाही. गळ्यापाशी किंवा पाठीला अंगाच्या रंगाची जाळी लावलेली असते ना, ती त्या मुलीच्या रंगाला जुळते का ते बघ. गोऱ्या कातडीच्या हिशोबाने रंगवलेली जाळी सावळ्या मुलीला लावली, की खांद्यावर राखट गुलाबी पट्टा दिसतो. मग घरात बसलेले लोक म्हणतात, ‘हिला हा गाऊन शोभत नाही.’ अगं, जाळी चुकीची आहे! तिचा रंग कशाला मध्ये आणायचा? मला या गोष्टीची फार चीड येते, कारण कामातली हयगय असते कोणाची आणि बोल लागतो कोणाला.

बिनपट्ट्याचे गाऊन तुला आवडतात, म्हणून प्रियांकाची गोष्ट. २००० साली लंडनच्या मिलेनियम डोममध्ये ती मिस वर्ल्ड झाली तेव्हा अंगावर हेमंत त्रिवेदींचा तसाच गाऊन होता आणि तो चिकटपट्टीने अंगाला चिकटवलेला होता. ताणाने घाम आला आणि पट्ट्या सुटल्या. पुढे तिनेच सांगितलं, की ती जे सारखे हात जोडून नमस्कार करत होती ते खरं तर गाऊन धरून ठेवण्यासाठी. आपण मात्र ‘किती संस्कारी मुलगी’ म्हणून बघत होतो. ती क्लिप पाहिली की मला तिच्या धीराचं फार कौतुक वाटतं. अठरा वर्षांची पोर, डोक्यावर मुकुट, समोर सगळं जग, आणि हातांखाली निसटणारा गाऊन. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

आणि सुश्मिता! १९९४ च्या मिस इंडियाला तिने घातलेला गाऊन कुठल्या मोठ्या डिझायनरचा नव्हता. दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातून कापड आणलं, परकर शिवणाऱ्या शिंप्याकडे दिलं, टीव्हीवर दिसणार आहे तेव्हा जरा चांगला शिव असं त्याला सांगितलं. उरलेल्या कापडाचं आईने गुलाबाचं फूल केलं. हातमोजे हवे होते, तर नवे कोरे पायमोजे आणून ते कापले आणि त्यांना इलॅस्टिक लावलं. हे सगळं तिने स्वतः फारूक शेखच्या कार्यक्रमात सांगितलंय. पुढे तिची आणि ऐश्वर्याची बरोबरी झाली. ती सोडवायला सुश्मिताला प्रश्न आला तो भारताच्या वस्त्रपरंपरेवर. तिने गांधीजींच्या खादीचं नाव घेतलं. मला नेहमी वाटतं, त्या क्षणी मंचावर कापडाशी सगळ्यात जवळचं नातं तिचंच असणार. एकेक वार विचार करून घेतलेलं कापड होतं ते.

म्हणून म्हणते, गाऊनकडे बघताना मागचे हात दिसायला हवेत. २०२१ ला इस्रायलमध्ये, एलातला, हरनाझ संधूने एकवीस वर्षांनी भारताला मिस युनिव्हर्सचा मुकुट मिळवून दिला. लारा दत्तानंतर तीच. तिचा तो चंदेरी झगमगता गाऊन आपल्या मुंबईच्या सायशा शिंदेने केला होता. त्यावरच्या नक्षीत पंजाबच्या फुलकारीची आकृती होती, म्हणजे मुलीचं घर कापडावर आलं होतं. आणि सायशाने त्याच वर्षी जानेवारीत, मी ट्रान्सवुमन आहे, असं जाहीर केलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला लोक तिच्याबद्दल काय काय बोलत होते, आणि वर्ष संपायच्या आत तिच्या हातचा गाऊन साऱ्या जगाने पाहिला. मराठी आडनाव ऐकून त्या सकाळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता त्याच हरनाझचं पुढे काय झालं ते ऐक. मुकुट मिळाल्यावर काही महिन्यांतच तिचं वजन वाढलं आणि लोक तिच्यावर तुटून पडले. ‘ही कसली मिस युनिव्हर्स’ इथपर्यंत. शेवटी तिला सगळ्यांसमोर सांगावं लागलं, की तिला सिलिअ‍ॅक आजार आहे, गहू चालत नाही. मला विचारशील तर हे सांगायची वेळच तिच्यावर यायला नको होती. आजार नसता, नुसती भूक लागून वजन वाढलं असतं, तरी कोणाला काय करायचं होतं? तुझ्या मेसेजमधलं ‘मांड्या’ वाचलं तेव्हा मला पहिली तीच आठवली.

बाकी, स्पर्धेत खटकण्यासारखं काही नाही असं मी म्हणत नाहीये. स्विमसूटची फेरी मला आजही आवडत नाही, ती सुरू झाली की मी उठून चहा टाकते. १९९६ ला बेंगळुरूत मिस वर्ल्ड भरली तेव्हा इतका विरोध झाला, की ती फेरी सेशेल्सला नेऊन उरकावी लागली. मिस वर्ल्डने २०१५ पासून मंचावरची बिकिनी बंद केली, मिस युनिव्हर्समध्ये ती अजून आहे. उलट मिस युनिव्हर्सने दुसऱ्या बाजूने दारं उघडली. २०२३ पासून लग्न झालेल्या मुली आणि आया येऊ लागल्या, २०२४ पासून वयाची वरची अटच काढली. यावर ग्रुपवर भांड ना! मावशी एका बाजूला, काकू दुसऱ्या, मी तुझ्या बाजूने.

नॅशनल कॉस्च्युमची फेरी मात्र चुकवत जाऊ नकोस. पंख, मोरपिसं, सात फुटी मुकुट यांनी डोळे दिपतात, पण मला त्यात लक्षात राहिली ती म्यानमारची मुलगी. २०२१ च्या मे महिन्यात, देशात लष्कराने सत्ता बळकावलेली असताना, ती अमेरिकेत आली. तिचा मूळ पोशाख प्रवासात हरवला. मग तिकडच्या ब्रह्मी लोकांकडून मिळालेला चिन समाजाचा पारंपरिक पोशाख तिने घातला आणि देशासाठी प्रार्थना करा असं लिहिलेला फलक हातात धरून उभी राहिली. त्या फेरीचं पारितोषिक तिलाच मिळालं. आणि गाऊनच्या फेरीत लक्षात राहिली ती पुढच्या एका स्पर्धेतली थायलंडची ॲना. आईवडील कचरा गोळा करणारे, म्हणून लोक तिला ‘कचऱ्यातली सौंदर्यवती’ म्हणायचे. तिचा गाऊन कशाचा होता माहितीये? कोल्ड्रिंकच्या कॅन उघडायच्या कड्यांचा! शेकडो कड्या एकमेकींत गुंफून मध्ये स्फटिक जडवलेले. लांबून चंदेरी चिलखतासारखा दिसतो, कॅमेरा जवळ गेला की एकेक कडी ओळखू येते. व्हिडिओ थांबवून बघ तो.

प्रश्नोत्तरांच्या वेळीही जीभ जरा आवर. १९९२ ला बँकॉकमध्ये आपली मधू सप्रे शेवटच्या तिघींत होती. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील, असं विचारलं. मूळची खेळाडू मुलगी. ती म्हणाली, गरिबी काही लगेच हटणार नाही, मी खेळांसाठी क्रीडासंकुल उभारीन. ती तिसरी आली आणि त्या उत्तराने मुकुट घालवला असं लोक अजून म्हणतात. मला ते उत्तर प्रामाणिक वाटतं. मैदानावर वाढलेल्या मुलीने मैदान मागितलं. आपल्या गावात मुलींना पळायला धड जागा आहे का, सांग मला.

आता मूळ मुद्दा. मामेबहिणीच्या रिसेप्शनसाठी तू गाऊन शिवायला टाकणार आहेस आणि त्याचा फोटो मला पाठवलास. खाली लिहिलंस, ‘ताई, स्लीव्हलेस छान दिसेल, पण नको, माझे दंड जाड आहेत.’ पहाटे त्या मुलींबद्दल जे लिहिलंस, तेच शब्द दुपारी स्वतःबद्दल लिहिलेस, मनू. अगदी तेच. मला सगळ्यात जास्त ते लागलं. तुझ्या दंडांत काहीही वाईट नाही. बाजूने मांस वर येतंय असं जे तुला आरशात दिसतं, ते मुंढा चुकीचा कापल्यामुळे. तयार ब्लाउजचे मुंढे तोकडे असतात आणि काखेत काचतात. माप घेऊन मुंढा नीट कापला तर काही वर येत नाही.

तेव्हा स्लीव्हलेसच शिव. टेलरकाकांकडे जाताना त्या दिवशी घालायचे सँडल पायात असू देत, लांबीचं माप त्यावरच घ्यायला सांग. आत घालायचे कपडे सोबत ने. मोती-टिकल्यांचं काम जड असेल तर वरच्या भागाला कॅनव्हास आणि कमरेला आतून पट्टी लावायला सांग, म्हणजे सगळं वजन खांद्यावर येणार नाही. अस्तर सुती घे, मे महिना आहे आणि हॉलचा एसी बेभरवशाचा असतो. शिलाईत एक इंच माया ठेवायला सांग. ट्रायलला नुसती आरशासमोर उभी राहू नकोस. खुर्चीवर बस, दोन जिने चढ, हात वर करून नाचून बघ. आणि पहिली ट्रायल निदान पंधरा दिवस आधी ठेव. दिवस ठरला की मला कळव, मी टाचण्यांची डबी घेऊन येते.