डाळ मिलमधील एकेरी हवा-सिलिंडर : कार्य, निवड व काळजी

वऱ्हाडात, विशेषतः अमरावती व अकोला जिल्ह्यांत, तूर, हरभरा, मूग व उडीद ही महत्त्वाची पिके आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या पीकेव्ही मिनी डाळ मिलमुळे डाळ तयार करण्याचा उद्योग गावपातळीवरही करता येऊ लागला. हा उद्योग वाढला म्हणजे पोती भरण्याची, वजन करण्याची व पाकिटे बंद करण्याची यंत्रे घ्यावी लागतात. यांपैकी अनेक यंत्रांची हालचाल दाबाखालील हवेवर होते. यंत्र घेताना आपण मोटारीची अश्वशक्ती व ताशी क्षमता विचारतो. परंतु हवा किंवा वीज गेल्यावर यंत्राचा दांडा कोठे जाऊन थांबेल, हे सहसा विचारत नाही. धान्याची सांड आणि कामगाराच्या बोटांची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी या प्रश्नावर अवलंबून आहेत.

रचना व कार्य

सायकलच्या पंपात आपण हाताने दट्ट्या दाबतो व हवा बाहेर पडते. हवा-सिलिंडरमध्ये याच्या उलट घडते. कॉम्प्रेसरच्या टाकीतील हवा दट्ट्याला ढकलते व त्याला जोडलेला दांडा बाहेर येतो. एकेरी सिलिंडरमध्ये, म्हणजे कारागीर ज्याला सिंगल अ‍ॅक्टिंग म्हणतात त्यात, हवा एकाच बाजूने काम करते. दुसऱ्या बाजूस स्प्रिंग असते. हवा सोडून दिली की स्प्रिंग दांड्याला मूळ जागी आणते. काही सिलिंडरमध्ये स्प्रिंग दांडा बाहेर ठेवते व हवा त्याला आत ओढते. दुहेरी सिलिंडरमध्ये मात्र जाणे व परत येणे ही दोन्ही कामे हवाच करते.

आपल्या ट्रॅक्टरची लिफ्ट याच तत्त्वाची आहे. तेथे हवेऐवजी तेल असते आणि स्प्रिंगऐवजी अवजाराचे वजन लिफ्टला खाली आणते.

जोर किती मिळतो?

दट्ट्याचे क्षेत्रफळ व हवेचा दाब यांचा गुणाकार म्हणजे जोर. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ६ किलो धरल्यास पुढीलप्रमाणे जोर मिळतो :

- २५ मि.मी. व्यास : सुमारे २९ किलो
- ५० मि.मी. व्यास : सुमारे ११८ किलो

व्यास दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे लक्षात घ्यावे. यातून स्प्रिंगचा विरोध व घर्षण वजा जाते. म्हणून ५० मि.मी. सिलिंडरकडून १०० किलोपेक्षा अधिक अपेक्षा ठेवू नये. जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईची १७० किलोची गाठ बांधण्यास अनेक टन जोर लागतो. तो या दाबाच्या हवेतून मिळत नाही, म्हणून तेथे तेलाच्या दाबावरील प्रेस वापरतात.

एकेरी सिलिंडर कोठे वापरावे?

जेथे हालचाल थोडी आहे व जोर एकाच दिशेने हवा आहे, तेथे एकेरी सिलिंडर योग्य ठरते. हॉपरखालचे लहान सरकते दार, पोत्याचे तोंड पकडणारा चिमटा, पाकिटावर शिक्का उमटविणे, खराब माल बाजूला ढकलणे ही त्याची कामे होत. परतीच्या फेरीस हवा लागत नसल्याने हवेची बचत होते आणि झडपही साधी पुरते.

त्याच्या मर्यादाही आहेत. स्प्रिंगला जागा लागत असल्याने दांड्याची फेरी सर्वसाधारणपणे ५० ते १०० मि.मी. पर्यंतच असते. तसेच स्प्रिंगचा जोर कमी असतो. त्यामुळे परतीच्या फेरीवर जड काम सोपवू नये. लांब फेरी किंवा दोन्ही बाजूंनी जोर हवा असल्यास दुहेरी सिलिंडर घ्यावे.

हवा गेल्यावर काय होईल?

हॉपरच्या दाराचे उदाहरण घेऊ. हवेने दार बंद व स्प्रिंगने उघडे, अशी जोडणी असेल तर हवेची नळी फाटताच दार उघडून सगळी डाळ जमिनीवर येईल. म्हणून हवेने दार उघडावे व स्प्रिंगने ते बंद व्हावे, अशीच जोडणी करून घ्यावी. दार जड असल्यास ते बंद होण्याच्या बाजूने वजन टांगावे. चिमट्याच्या बाबतीत मात्र हवा जाताच तो सुटला पाहिजे, म्हणजे अडकलेले बोट मोकळे होते.

मोठ्या मालट्रकच्या हवेच्या हँडब्रेकमध्ये हाच विचार केलेला असतो. तेथे हवा बळकट स्प्रिंगला दाबून धरते. हवा गळाली की स्प्रिंग मोकळी होऊन ब्रेक लावते.

देखभाल

१. टाकीतील पाणी रोज काढावे. पावसाळ्यात ते अधिक साचते, सिलिंडर गंजते व वायसर खराब होते.

२. स्प्रिंगच्या बाजूस हवा ये-जा करण्याचे लहान छिद्र असते. डाळीचा कोंडा व भुकटी, तसेच जिनिंगमध्ये रुईचे तंतू बसून ते बुजते. मग दांडा रेंगाळतो किंवा अर्ध्यावर थांबतो. सिलिंडर बिघडले असे समजण्यापूर्वी हे छिद्र पाहावे. त्यावर गाळणी बसवावी, ते बंद कधीही करू नये.

३. हवेच्या मार्गात गाळणी व दाब-नियंत्रक असावा. बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर तेलाचे कणही येतात, म्हणून तिचे तोंड डाळीकडे ठेवू नये.

४. जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासावी. गळणारी हवा म्हणजे वाया जाणारी वीज होय.

सुरक्षितता

भारनियमनात वीज गेली तरी टाकीत हवा शिल्लक असते आणि वीज परत येताच दांडा अचानक हलू शकतो. म्हणून अडकलेले पोते वा दाणे काढण्यापूर्वी मुख्य झडप बंद करावी, नळीतील हवा सोडावी, दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याची खात्री करावी व मगच हात घालावा. स्प्रिंग असलेल्या सिलिंडरचे झाकण घरी उघडू नये, कारण दाबलेली स्प्रिंग उसळून गंभीर इजा होते. हवेच्या नळीने अंगावरची भुकटी झाडू नये. टाकीवरील सुरक्षा झडप आवळून बंद करू नये.

यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी विक्रेत्यासमोर ते रिकामे चालवावे. प्रथम फक्त वीज व नंतर फक्त हवा बंद करून प्रत्येक दांडा कोठे थांबतो हे पाहावे. एखादा दांडा चुकीच्या बाजूस गेल्यास जोडणी तेथेच बदलून घ्यावी. दार, चिमटा व शिक्का यांच्या योग्य जागा यंत्रावर रंगाने लिहून ठेवाव्यात, म्हणजे नवीन कामगारालाही त्या समजतील.