भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्यांचे बालकांसमवेत शिक्षण

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे, म्हणजेच फिजिओथेरपीचे, शिक्षण १९५० नंतरच्या दशकात सुरू झाले. पोलिओने अधू झालेल्या बालकांचा प्रश्न त्या वेळी तीव्र होता. २०१४ साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला. आता बालविभागात विद्यार्थ्यांसमोर वारंवार येतात ती सेरेब्रल पाल्सीची मुले. पोलिओत स्नायू लुळा पडतो. या विकारात तो बहुधा ताठरतो.

हा ताठरपणा पुस्तकातून कळत नाही. मुलाचे पाऊल झटकन वर वळविले तर पोटरीचा स्नायू मध्येच अडतो. तेच सावकाश वळविले तर पुष्कळसे वळते. स्नायू कायमचा आखडला असेल, तर मात्र कितीही सावकाश वळविले तरी पाऊल पुढे जात नाही. या दोहोंचे उपचार भिन्न आहेत आणि त्यांतील फरक तळहातालाच जाणवतो.

तथापि रुग्ण बालक हे सरावाचे साधन नव्हे. म्हणून विद्यार्थ्याने प्रथम अंगणवाडीत बसून निरोगी मुले न्याहाळावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार जवळजवळ सर्व निरोगी बालके सुमारे नऊ महिन्यांपर्यंत आधाराविना बसतात व साडेसतरा महिन्यांपर्यंत चालू लागतात. हे डोळ्यांत बसले की उणीव चटकन दिसते. त्यानंतरच, शिक्षकाचा हात आपल्या हातावर असताना, त्याने रुग्ण बालकाला स्पर्श करावा. मूल रडू लागल्यास थांबावे. भीतीने ताठरपणा वाढतो आणि तपासणी फसते. परीक्षेत अग्रेसर असणारे विद्यार्थीही येथे पुष्कळदा अडखळतात. मुलाला ‘उभा राहा’ असे सांगून भागत नाही. खुळखुळा बाकावर ठेवला की ते आपण होऊन उठू पाहते.

आईला दाराबाहेर बसविण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. मुलाला दोन्ही पाय फाकवून कडेवर घेण्याची आपल्याकडील रीत, कात्रीसारखे एकमेकांवर चढणारे पाय अलग ठेवण्यास उपयोगी पडते. ती विद्यार्थ्याने आईकडूनच शिकावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या व शाळांतील बालकांची तपासणी करीत आहेत. अशा भेटीच्या दिवशी जवळच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनाही बोलाविणे पंचायतींना शक्य आहे. आईची संमती आणि शिक्षकाची उपस्थिती मात्र आवश्यक मानावी. आणि दहाव्या महिन्यातही न बसणारे मूल आढळल्यास ते त्याच आठवड्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावे.