आमरीची ओळख व जोपासना

शाळेच्या आवारांतील जुन्या आंब्याच्या फांद्यांवर वीतभर लांबीच्या, फुगीर व पर्णहीन खोडांचे कांहीं झुबके होते. एका हिवाळ्यांत, “हें बांडगूळ झाडास शोषून टाकील,” असें म्हणून आम्हींच ते माळ्याकडून काढविले. झुबके कुंपणाशीं पडून राहिले. फेब्रुवारींत त्यांपैकीं एकावर शुभ्र फुलांचा घोस उमलला, तेव्हां आमचें अज्ञान आमच्या ध्यानीं आलें. तें बांडगूळ नव्हतें. ती आमरी होती. अशी चूक तुमच्या हातून होऊं नये, म्हणून हा पाठ.

प्रथम बांडगूळ व आमरी यांतील भेद पाहूं. बांडगुळाचें मूळ सालींतून थेट लाकडांत शिरतें व झाडाचें पाणी व क्षार ओढून घेतें. आमरीचीं मुळें सालीस केवळ धरून राहतात. त्यांवर मृत पेशींचें पांढरें, स्पंजासारखें आवरण असतें. पाऊस पडतांच तें पाणी टिपून घेतें व आंतील हिरवा रंग दिसूं लागतो. आमरी आपलें अन्न आपल्याच पानांत तयार करिते. झाड हें तिचें घर आहे, अन्नछत्र नव्हे.

आमच्या आंब्यावरील जातीचें शास्त्रीय नांव डेंड्रोबियम बार्बाट्युलम. जॉन लिंडले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें १८३० सालीं तें दिलें. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘झाडावर जगणारी’, व दुसऱ्याचा ‘लहानशी दाढी असलेली’. फुलाच्या ओठावरील बारीक केसांवरून हें नांव पडलें. पश्चिम घाटांत ही जात आढळते. पावसाळ्यांत खोडें पानांनीं भरतात. पुढें पानें गळतात व उन्हाळ्याच्या तोंडाशीं उघड्या खोडांवर पांढरीं फुलें येतात. हिची बहीण डेंड्रोबियम ओव्हाटम हुबेहूब अशीच दिसते. परंतु तिचीं फुलें पिवळसर असून बहुधा हिवाळ्यांतच येतात. म्हणून फूल पाहिल्यावांचून नांव सांगण्याची घाई करूं नये.

आमरीचें बीं धुळीसारखें बारीक असतें व त्यांत अंकुरापुरताही अन्नसांठा नसतो. निसर्गांत तें विशिष्ट बुरशीच्या साहाय्यानेंच रुजतें, हें नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९९ सालीं दाखविलें. १९२२ सालीं अमेरिकेंतील लुईस नड्सन यांनीं बुरशीऐवजीं साखर देऊन प्रयोगशाळेंत बीं रुजविलें. यावरून ध्यानांत येईल कीं, रानांत ओरबाडलेल्या एका झुबक्याची जागा भरून निघण्यास पुष्कळ वर्षें लागतात.

आतां जोपासना. रानांतील आमरी कधींही तोडूं नये. वादळानें मोडून पडलेल्या फांदीवरील मात्र अवश्य वांचवावी. ती मातींत पुरूं नये, मुळें कुजतात. खडबडीत सालीच्या फांदीवर काथ्याच्या दोरीनें ती अलगद बांधावी, व सकाळचें कोवळें ऊन आणि मोकळी हवा मिळेल असें पाहावें. कुंडींतच लावणें असेल तर लोणारी कोळसा व खापरांचे तुकडे घालावे. नवीं मुळें सालीस धरीपर्यंत रोज पाणी शिंपडावें. पानें गळल्यावर पाणी कमी करावें. पुष्कळांना रोप मेलें असें वाटून ते तें फेंकून देतात, परंतु तो त्याचा विसावा असतो.

अधिक अभ्यासाची आवड असणारांनीं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील फादर सांतापाव व त्यांचे सहकारी कापडिया यांचा १९६६ सालीं प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्यांतील आमरींवरील ग्रंथ पाहावा.

कुंपणाशीं पडलेले झुबके आम्हीं पुन्हां त्याच आंब्यावर बांधले. त्यांपैकीं दोन जगले, बाकीचे गेले. परमेश्वराच्या सृष्टींतील कोणासही परोपजीवी ठरविण्यापूर्वीं त्याचें मूळ कोठवर गेलें आहे तें पाहावें, हा धडा त्या दोहोंनीं आम्हांस दिला.