सर थॉमस मोर : एक माणूस, अनेक चित्रे

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

इंग्लंडच्या इतिहासात सर थॉमस मोर याचे नाव तीन कारणांनी येते. १५१६ साली त्याने लॅटिन भाषेत ‘युटोपिया’ लिहिले आणि आदर्श राज्याच्या कल्पनेला कायमचे नाव दिले. १५२९ ते १५३२ या काळात तो राजा आठवा हेन्री याचा लॉर्ड चान्सलर होता. आणि राजा हाच इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख, हे त्याने मान्य केले नाही म्हणून ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. प्रस्तुत लेखात त्याचे चरित्र सांगावयाचे नाही. चित्रकारांनी व लेखकांनी त्याला कसकसे रंगविले आणि त्या चित्रांतून आपण किती विश्वासाने बोलू शकतो, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

शब्दांतले चित्र

मोरचे पहिले महत्त्वाचे चित्र रंगांचे नाही, शब्दांचे आहे. त्याचा मित्र, थोर मानवतावादी पंडित इरॅस्मस याने १५१९ मध्ये उलरिख फॉन हुटेन याला एक दीर्घ पत्र लिहिले. मोरचे डोळे निळसर करडे व त्यांत बारीक ठिपके, चेहरा हसतमुख, चालताना उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित वर, असे बारकावे त्यात आहेत. मोरला साधे कपडे आवडतात आणि टाळता येत नाही तेव्हाच तो सोन्याची साखळी घालतो, असेही इरॅस्मस सांगतो. हे वाक्य ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या चित्रात नेमकी तीच साखळी आपल्याला दिसते.

फळीवरचे चित्र

जर्मन चित्रकार हान्स होल्बाइन १५२६ मध्ये इरॅस्मसची शिफारस घेऊन इंग्लंडला आला आणि मोरने त्याला आश्रय दिला. १५२७ मध्ये त्याने ओकच्या लाकडी फळीवर तैलरंगात मोरचे चित्र काढले. ते सुमारे ७५ सें. मी. उंच व ६० सें. मी. रुंद असून आज न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. मागे हिरवा पडदा आणि तांबडी दोरी, अंगावर फरची कॉलर असलेला झगा, बाह्या तांबड्या मखमलीच्या, हातात घडी केलेला कागद. गळ्यात ‘एस’ अक्षरांची सोन्याची साखळी असून तिच्यात ट्यूडर घराण्याचे गुलाबचिन्ह लटकते आहे.

पुष्कळ जण हे चित्र लॉर्ड चान्सलरचे समजतात. पण चित्र झाले त्या वेळी मोर त्या पदावर नव्हता. ते पद त्याला दोन वर्षांनी मिळाले. साखळी सांगते ती एवढेच, की हा मनुष्य राजाचा सेवक आहे. चेहरा मात्र काही निराळे सांगतो. हनुवटीवर दोन दिवसांची दाढी वाढलेली आहे, डोळ्यांखाली थकवा आहे, आणि नजर चित्राबाहेर कुठेतरी लागलेली आहे. सोने व मखमल इतक्या कौशल्याने रंगविणाऱ्या चित्रकाराला ती दाढी गाळता आली नसती काय? त्याने ती ठेवली.

या चित्राची पूर्वतयारी विंडसरच्या राजसंग्रहात पाहावयास मिळते. तेथे होल्बाइनने काढलेली मोरची रेखाटने आहेत. त्यांपैकी एकाच्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडलेली आहेत. छिद्रांतून कोळशाची पूड झिरपवून रेषा फळीवर उतरवीत. भरतकामाचा खाका कापडावर उतरविण्याची आपल्या घरांतील रीत अशीच असते. म्हणजे चेहरा समोर बसवून एकदा टिपला आणि मखमल, साखळी वगैरे सावकाश रंगविले, असा अंदाज करता येतो.

आणि तरीही या चित्रात एक गोष्ट दिसत नाही. मोरचा जावई विल्यम रोपर याने नंतर लिहिलेल्या चरित्रात सांगितले आहे, की मोर कपड्यांच्या आत देहदंडासाठी राठ केसांचा सदरा घालीत असे. ही गोष्ट घरातही थोड्यांनाच ठाऊक होती. थोरली मुलगी मार्गारेट हिच्याकडे तो सदरा धुण्यास जाई, आणि मरणापूर्वी त्याने तो तिच्याकडेच पाठविला. होल्बाइनला मखमल दिसली. मखमलीखालचे त्याला ठाऊक असेलच असे नाही.

कुटुंबाचे चित्र

त्याच सुमारास होल्बाइनने मोरच्या चेल्सी येथील घरातील सर्व मंडळींचे एक मोठे चित्र केले. ते मूळ चित्र १७५२ साली मोराव्हियातील आगीत जळाले. पण त्याचे शाईने काढलेले रेखाटन बाझेलच्या संग्रहालयात शिल्लक आहे. ते इरॅस्मसला भेट म्हणून पाठविलेले होते. त्यावर राजज्योतिषी निकोलस क्रात्सर याने प्रत्येकाचे नाव व वय लिहिले आहे : मोरचे वडील ७६ वर्षांचे, मोर ५०, मुलगा जॉन १९, मार्गारेट २२.

चित्रात एकूण दहा माणसे आहेत आणि पुस्तके जिकडेतिकडे आहेत. मुलींच्या हातांत पुस्तके आहेत. मानलेली मुलगी मार्गारेट गिग्ज पुस्तक हाती धरून म्हाताऱ्या न्यायाधीशाला त्यातले काही दाखविण्यासाठी वाकली आहे. मोरने मुलींना मुलाच्या बरोबरीने लॅटिन व ग्रीक शिकविले होते. मार्गारेटने इरॅस्मसच्या एका लॅटिन ग्रंथाचे केलेले इंग्रजी भाषांतर छापूनही निघाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे असेल, पण या रेखाटनाच्या छापील प्रतीत माझी दृष्टी मोरकडे आधी गेली नाही. ती त्या पुस्तकांकडे गेली. बाईच्या हाती पुस्तक हे त्या काळच्या चित्रांत नवे नव्हते, कारण मेरीमातेच्या हाती प्रार्थनेचे पुस्तक असेच. येथे मात्र घरच्या लेकी अभ्यासाची पुस्तके घेऊन बसल्या आहेत.

उजव्या टोकाला मोरची पत्नी ॲलिस गुडघे टेकून आहे. तिच्याजवळ होल्बाइनने जर्मन भाषेत शेरा लिहिला आहे, की ही बसलेली असावी. पुढे रोलंड लॉकी या चित्रकाराने मूळ चित्रावरून केलेली मोठी प्रत नॉस्टेल प्रायरी येथे आहे. तीत ती बसलेली आहे. परंतु मोरच्या नातवाने १५९३ मध्ये लॉकीकडून जे दुसरे चित्र करवून घेतले, त्यात ॲलिस नाहीच. तिच्या जागी पुढच्या पिढ्यांची माणसे आली. हे चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. कॅथलिक धर्मामुळे त्या काळी हे कुटुंब संकटात होते. हुतात्मा आजोबांशी आपले नाते दाखविणे त्यांना जरुरीचे वाटले असावे.

रंगभूमी, पडदा, कादंबरी

पुढे प्रत्येक काळाने आपापला मोर घडविला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्यावर एक नाटक लिहिले गेले. त्याचे हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्यातली काही पाने शेक्सपिअरच्या हातची असावीत असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या पानांत मोर परकीयांविरुद्ध उठलेल्या जमावाची समजूत घालतो. १९३५ मध्ये कॅथलिक चर्चने त्याला संत ठरविले. तर मॉस्कोमध्ये १९१८ साली क्रांतिकारक विचारवंतांची नावे एका स्तंभावर कोरली गेली, त्यांत ‘युटोपिया’च्या लेखकाचेही नाव होते. (तो स्तंभ २०१३ मध्ये पुन्हा रोमानोव्ह घराण्याच्या नावांसह उभारला गेला.) रॉबर्ट बोल्टच्या १९६० मधील ‘ए मॅन फॉर ऑल सीझन्स’ या नाटकाने त्याला सदसद्विवेकाचा नायक केले. त्यावरच्या १९६६ च्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. याउलट २००९ मध्ये हिलरी मँटेलने ‘वुल्फ हॉल’ कादंबरीत मोरचा प्रतिस्पर्धी थॉमस क्रॉमवेल याला मध्यभागी आणले आणि मोर कठोर, छळवादी दिसू लागला.

ज्यांची चित्रे नाहीत

मँटेलचा मोर पटो वा न पटो, एक गोष्ट खरी आहे. मोर लॉर्ड चान्सलर असताना सहा जणांना पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आले, आणि त्याने या शिक्षेचे आपल्या लेखनात समर्थन केले. त्या सहांत जॉन ट्यूक्सबरी नावाचा लंडनचा चामड्याचा व्यापारी होता. १५३१ मध्ये त्याला स्मिथफील्ड येथे जाळले. त्याची बाजू जॉन फॉक्स याने पुढे आपल्या ग्रंथात मांडली. त्या ग्रंथातील लाकडी ठशांच्या चित्रांत ज्वाळांतली माणसे बहुधा एकसारखीच दिसतात. त्यांची हनुवटी, त्यांच्या डोळ्यांखालचा थकवा कोणी टिपला नाही.

फ्रिक संग्रहात शेकोटीच्या एका बाजूस होल्बाइनचा मोर आहे आणि दुसऱ्या बाजूस त्याच होल्बाइनचा क्रॉमवेल. मोर राजाच्या मर्जीतून उतरला तेव्हा होल्बाइनने क्रॉमवेलचे चित्र काढले आणि पुढे तो खुद्द राजाचा चित्रकार झाला. मोरची करुण, विचारी मुद्रा पाहून आपण क्रॉमवेलला मनातल्या मनात खलनायक ठरवितो. तो निकाल पुष्कळसा कुंचल्याने दिलेला असतो. मोर आपल्या मताकरिता मरणास सामोरा गेला, हे खरेच मोठे आहे. पण ट्यूक्सबरीही आपल्या मताकरिताच मेला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने होल्बाइनचे चित्र डोळे भरून पाहावे, आणि त्याच बैठकीत फॉक्सचे ते ओबडधोबड ठसेही समोर ठेवावेत.