लिलावात पर्स पुरवायची कशी?

प्रश्न : मानपाड्यातल्या आमच्या सोसायटीत आयपीएलआधी मित्रांचा खेळाडू-लिलाव होतो. काल्पनिक 100 कोटी, खेळाडू 15. माझी पर्स दोन स्टार घेतानाच संपते. काय करू?

उत्तर : प्रत्येक नावापुढे कमाल किंमत आधीच लिहा आणि ती ओलांडू नका. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दात झालेल्या आयपीएल लिलावात लखनऊने ऋषभ पंतला 27 कोटींना घेतले. पुढच्या मोसमात त्याच्या धावा झाल्या 269, संघ सातवा. तुमची पाळी आली की स्वतःला नको असलेले मोठे नाव पुकारा, इतरांच्या पर्स हलक्या होतील. सलामीला येऊन गोलंदाजीही करणाऱ्यासाठी थोडे चढे मोजा, गुण दोन्हीकडून मिळतात. 10 जागा उरल्या आणि मूळ किंमत 1 कोटी असेल, तर 9 कोटी राखूनच पुढची बोली लावा. खरे पैसे मात्र यात आणू नका.