मोटारसायकलचा प्लग बदलणे आणि आट्यांना लेप लावण्याचा प्रश्न

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण पेटविण्याचे काम ठिणगीचा प्लग करतो. चार धावांच्या इंजिनात क्रँकचा दांडा दोनदा फिरला म्हणजे एकदा ज्वलन होते. अर्थात इंजिन मिनिटाला 6000 फेरे करीत असल्यास त्या एका मिनिटात 3000 वेळा मिश्रण पेटावे लागते. हे काम करीत असता प्लगचे टोक 450 अंश सेल्सिअसहून थंड राहिले तर त्यावर काजळी साचते आणि 850 अंशांच्या पलीकडे गेले तर ते स्वतःच निखारा बनून मिश्रण अवेळी पेटविते. या दोन मर्यादांमध्ये टोक राहावे म्हणून त्याची उष्णता सतत बाहेर निघून गेली पाहिजे. तिचा मोठा भाग प्लगच्या पोलादी कवचातून, त्याच्या आट्यांतून व बैठकीतून सिलिंडरच्या हेडमध्ये जातो. ठिणगीचा विद्युत्प्रवाहही याच आट्यांवाटे परत फिरतो. आट्यांची ही दोन कामे ध्यानात घेतल्यावाचून त्यांना काही लावावे की नाही, या प्रश्नाचा विचार करता येणार नाही.

जयपूरच्या दक्षिण भागातील मालवीय नगर ही मोठी वसाहत आहे. 1963 साली स्थापन झालेले आणि 2002 साली राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था बनलेले मालवीय अभियांत्रिकी महाविद्यालय तेथेच जवाहरलाल नेहरू मार्गावर आहे. विद्यार्थी व नोकरदार यांच्या या वस्तीत दुचाकी वाहनांना तोटा नाही. पुण्याजवळच्या चाकणला तयार होणारी पल्सर तेथे पदोपदी दृष्टीस पडते. 2003 सालापासून या गाडीच्या एका सिलिंडरला दोन प्लग आले, त्यामुळे चुकीची संधीही दुप्पट झाली! जयपूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि वाळवंटाकडून येणारी आंधी बारीक रेती घेऊन येते. ही रेती इंजिनाच्या पंखांत आणि प्लगभोवतीच्या खोलगट जागेत बसते. प्लग बदलण्याच्या कामात तेथील पहिला शत्रू तीच होय.

रेतीचे कण मुख्यतः गारेचे असतात आणि गार ही सिलिंडरच्या ओतीव लोखंडाहून कठीण आहे. खोलगट जागा स्वच्छ न करता प्लग काढला तर हे कण थेट सिलिंडरमध्ये पडतात आणि त्याच्या आतील गुळगुळीत भिंतीवर ओरखडे काढतात. काही कण आट्यांत अडकतात. पुढचा प्लग बसविताना ते मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात व त्याला खरवडतात. म्हणून प्रथम टोपी काढून जोरदार हवा मारावी, मग प्लग अर्धा फेरा सैल करून पुन्हा हवा मारावी आणि त्यानंतरच तो पूर्ण काढावा. हवेचा पंप जवळ नसेल तर बारीक कुंचल्याने काम भागते. फुंकर मात्र डोळ्यांत रेती घालते.

इंजिन थंड असावे असा सर्वच उत्पादकांचा आग्रह असतो. याचे कारण वाटते तितके सरळ नाही. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. 14 मिलिमीटर व्यासाच्या भोकाचा विचार केला, तर दीडशे अंशांच्या तापवाढीने भोक प्लगपेक्षा मिलिमीटरच्या सुमारे दोन शतांश अधिक मोठे होते. त्या अर्थी गरम इंजिनात प्लग किंचित सैलच असावयास हवा. परंतु तापलेले ॲल्युमिनियम मऊही झालेले असते आणि अशा वेळी कठीण पोलादाचे आटे त्याला सोलून आपल्याबरोबर ओढून आणतात. हात भाजण्याची भीती वेगळीच. फार दिवस जखडलेला प्लग हलेनासा झाला, तर पातळ भेदक तेलाचे दोन थेंब सोडून काही तास वाट पाहावी. मग तो थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट, असा पुढेमागे फिरवीत काढावा. एकाच दिशेने जोर लावणे हा आटे तोडण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ग्रीससारख्या पदार्थात तांबे, ॲल्युमिनियम, निकेल किंवा ग्राफाइट यांची पूड मिसळून केलेला लेप बाजारात मिळतो. तो लावलेले आटे तापून व गंजून एकमेकांस चिकटत नाहीत. पोलाद व ॲल्युमिनियम हे दोन धातू ओलाव्यात एकत्र आले म्हणजे त्यांच्यात विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजते. कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत हे लवकर घडते, जयपूरच्या कोरड्या हवेत सावकाश. तेव्हा नवा प्लग लेप लावून बसवावा, ही कारागिरांची रीत वरकरणी शहाणपणाची दिसते.

अडचण उत्पन्न होते ती घर्षणामुळे. पान्याने लावलेल्या पिळातील फार थोडा अंश, सुमारे एक दशांश, आटे ताणण्याच्या कामी येतो. बाकीचा सर्व आट्यांतील व बैठकीखालील घर्षणात खर्च होतो. उत्पादक पिळाचा जो आकडा देतो तो हे घर्षण गृहीत धरून देतो. आजच्या बहुतेक लहान मोटारसायकलींतील प्लगचे आटे 10 मिलिमीटर व्यासाचे असतात आणि त्यांना 10 ते 12 न्यूटन-मीटर पीळ सांगितलेला असतो. वीस सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला पाच-सहा किलोग्रॅम वजन टांगल्याइतकाच हा जोर आहे. कोरड्या आट्यांचा घर्षणांक ढोबळमानाने 0.2 धरला, तर 12 न्यूटन-मीटर पिळाने आट्यांवर सुमारे 6000 न्यूटन, म्हणजे 600 किलोग्रॅम वजनाइतका ताण पडतो. लेपाने तो अंक 0.14 वर आला तर त्याच पान्यावरच्या त्याच आकड्याने ताण 8500 न्यूटनांच्या वर जातो. पाना धरणाऱ्या हाताला यातील काहीही जाणवत नाही. उलट प्लग छान सरकत बसला असेच त्याला वाटते.

या जादा ताणाने कवच ताणले जाते आणि चिनी मातीचा निरोधक व कवच यांमधील सांध्याला धक्का बसतो. सांधा ढिला झाला की तप्त वायू तेथून गळू लागतो आणि उष्णता बाहेर नेण्याची व्यवस्थाच कोलमडते. कधी कवच आट्यांच्या मुळाशी तुटून अर्धा भाग हेडमध्येच राहतो. लेप जास्त झाला तर तोही टोकाकडे पसरतो. त्यातील धातूची पूड विजेला वाट देत असल्याने ठिणगी पडायच्या ऐवजी प्रवाह निरोधकावरूनच निघून जातो.

या कारणांस्तव प्रमुख प्लग उत्पादक आपल्या मुलामा दिलेल्या प्लगना लेप लावू नये असे सांगतात. आटे चकचकीत रुपेरी दिसत असतील तर त्यांवर धातूचा मुलामा आहे असे समजावे. जखडणे टाळण्याचे काम तो मुलामाच करतो. काळपट, मुलामा नसलेल्या जुन्या पद्धतीच्या प्लगची गोष्ट निराळी. तेथे गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तर अत्यल्प लेप लावावा, टोकाकडील पहिले आटे कोरडे ठेवावे आणि पीळ सुमारे एक तृतीयांशाने कमी करावा. दट्ट्याच्या विमान-इंजिनांत मात्र आजही प्लगच्या आट्यांना वंगण लावतात. ते प्लग ठरावीक तासांनी निघतात, तपासले जातात आणि नोंद करून पुन्हा बसतात. त्या शिस्तीवाचून केवळ लेप उचलणे योग्य नव्हे.

टॉर्क पाना नसलेल्या साध्या कारागिरासाठी घर्षणाच्या गोंधळातून सुटण्याचा एक उपाय आहे, आणि तो बहुतेक प्लगच्या खोक्यावरच छापलेला असतो: पिळाऐवजी कोन मोजणे. पोलादी प्लग हाताने वायसर टेकेपर्यंत बसविला म्हणजे त्यापुढे किती फिरवला यावर वायसर किती चेपला हे ठरते, आणि त्यावरच ताण अवलंबून असतो. त्यात आटे कोरडे होते की तेलकट, याने फारसा फरक पडत नाही. 10 मिलिमीटरच्या प्लगमध्ये आट्यांचे अंतर एक मिलिमीटर असते. म्हणून अर्ध्या फेऱ्याने तो अर्धा मिलिमीटर खाली जातो आणि नवा पोकळ वायसर तेवढाच चेपतो. तपासून परत बसवायच्या जुन्या प्लगचा वायसर आधीच सपाट झालेला असतो. त्याला हात टेकल्यानंतर एक बारांश फेरा, म्हणजे घड्याळाच्या तबकडीवर एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर, एवढेच पुरते.

यासाठी हात टेकणे खरोखर हाताने झाले पाहिजे. मालवीय नगरच्या दुकानांत ज्यांना चूडी म्हणतात ते आटे तिरपे धरले गेले तर पान्याच्या जोराखाली ते कळत नाही. पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवावा आणि बोटांनी फिरवीत प्लग आत सोडावा. आटे सरळ असतील तर तो सहज जातो. तिरपे असतील तर नळी घसरते. घसरली की मागे फिरवून पुन्हा सुरुवात करावी. त्याआधी टोकामधील अंतर पुस्तिकेतील आकड्याशी मापपट्टीने पडताळून पाहावे. बाहेर काढलेल्या प्लगचा रंगही पाहावा: फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक आहे, काळा व कोरडा असेल तर मिश्रणात पेट्रोल अधिक आहे, पांढराफटक असेल तर ते कमी असून टोक अधिक तापते आहे.

आटे एकदा तुटलेच तर हेड उतरवावे लागते, भोक मोठे करून त्यात नवे आटे कापावे लागतात आणि आतून पोलादी तारेचे वेटोळे बसवावे लागते. वेटोळे नीट बसले तर मूळ ॲल्युमिनियमपेक्षा ते अधिक टिकते, मात्र त्याचा खर्च एका प्लगच्या किमतीच्या अनेक पट असतो.